बाजाराच्या दिवशी औषधाचे दुकान

सकाळी सात. मंगरूळपीरला एस.टी. स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे औषधाचे दुकान आहे. शटर साडेआठला वर जाते, पण माझे काम त्याआधी घरी, वर्तमानपत्रापासून सुरू होते. मी आधी छोट्या जाहिराती बघते. सकाळी काय छापून आले आहे त्यावरून दुपारी काउंटरवर काय विचारले जाईल याचा अंदाज येतो.

आज अंकातून एक गुलाबी पत्रक खाली पडले. मधुमेह मुळापासून बंद, गुडघेदुखी, मुतखडा, मुलांची उंची, दारू 'पिणाऱ्याला न कळता' सोडवणे, सगळे एकाच कागदावर. एका लॉजचे नाव, खोली क्रमांक, आणि 'फक्त एक दिवस'. सोयाबीन विकून माणसाच्या हातात चार पैसे आले की ही पत्रके वाढतात, हे मी दरवर्षी बघते.

या कागदातल्या बहुतेक दाव्यांना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याला जोडलेल्या यादीत ५४ आजार आणि अवस्था आहेत. मधुमेह, कर्करोग, अर्धांगवायू, कोड, रक्तदाब, वंध्यत्व, लठ्ठपणा, अगदी माणसाची उंचीसुद्धा. प्लेग आणि देवीही त्यात आहेत, यादी किती जुनी आहे ते त्यावरून कळते. या आजारांवर इलाज आहे अशी जाहिरात करणारा गुन्हेगार ठरतो आणि ती प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पत्रकाच्या मागे मी आजची तारीख टाकते आणि ते पर्समध्ये ठेवते.

साडेआठ. दुकान उघडल्यावर पहिली नजर फ्रिजच्या तापमापकावर. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहिले पाहिजे, आणि रात्री लाइट गेली होती. आज ठीक आहे.

साडेनऊ. बाजाराला आलेले पहिले गिऱ्हाईक मानोऱ्याकडच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे शेतकरी. सोबत मुलगा. खिशातून मोबाइल काढून त्यांनी एक व्हिडिओ लावला.

"ताई, हे पाहा बरं. अडीच हजाराचा कोर्स हाय म्हणते. मंग शुगरची गोयी बंद. मागवू काय?"

"गोळी चालू आहे ना सध्या?"

मुलगा बापाकडे बघतो. बाप खाली बघतो. "पंधरा दिस झाले सोडली. डोक्स्याले ताप झाला होता रोज खाऊन खाऊन."

ग्लुकोमीटरवर साखर साडेतीनशेच्या वर आली. मी त्यांना स्टूल दिले, पाणी दिले. रागावून उपयोग नसतो. रागावलेल्या माणसाकडे ते पुन्हा येत नाहीत आणि व्हिडिओतला माणूस तर किती गोड बोलतो. त्यांची रोजची गोळी काही रुपयांची आहे, पण तिच्यासोबत 'जन्मभर' हा शब्द येतो. अडीच हजारांच्या डब्यासोबत येतो 'बंद' हा शब्द. गरीब माणूस महाग वस्तू का घेतो, असे शहरातले लोक विचारतात. तो आजाराचा शेवट विकत घेत असतो. खरे औषध देणारे आम्ही सगळे त्याला शेवट देऊ शकत नाही, आणि शेवट का नाही हे समजावून सांगायला वेळही देत नाही. डॉक्टरांकडे रांग असते, माझ्याकडे गर्दी असते. जाहिरातीकडे मात्र हवा तेवढा वेळ असतो.

त्यांना मी समोरच्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत पाठवले. मुलाला वेगळे घेऊन सांगितले की तहान फार लागली, उलटी झाली, श्वास जोरात चालू लागला तर घरी थांबू नका.

अकरा. बाजार भरला. भोंग्याचा आवाज दुकानापर्यंत येतो. लिंबाखाली तंबू, पुढे चादरीवर मुळ्या, साली, बाटल्यांत काळे तेल. जडीबुटी विकणारे सगळेच खोटारडे, असे मी म्हणणार नाही. हिरडा, बेहडा, अडुळसा, गुळवेल ओळखणारी माणसे त्यांत आहेत, आणि ते ज्ञान आपलेच आहे. माझा झगडा भोंग्याशी आहे. तो एकाच चूर्णाला वात, साखर, कमजोरी आणि मूलबाळ अशी चारही कामे सांगतो.

साडेबारा. एक तरुण बाई, सहावा महिना असेल, डोळे पिवळे. सासू सोबत. गळ्यात काविळीची माळ.

"माय उतरली का कावीय उतरते, असं सांगतलं त्यानं. पाहा, कालपासून केवढी लांब झाली!"

माळ खरोखर लांब झाली होती. हिरव्या कांड्यांना दोऱ्याच्या गाठी घालून ती केलेली असते. कांड्या वाळून आकसतात, गाठी सैल होतात, दोरा मोकळा होतो. खिळ्याला टांगली तरी ती तेवढीच वाढते. तरीही लोकांना गुण येतो, आणि म्हणूनच ही माळ टिकून आहे. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. माळेचे दिवस आणि यकृताचे दिवस जुळतात, श्रेय माळेला जाते. पण गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, हिपॅटायटिस ई झाला तर बाई दगावू शकते. तिथे माळेवर काढलेला एकेक दिवस बाळ-बाळंतिणीच्या जिवावरचा असतो.

सासूबाईंना मी माळ काढायला सांगितले नाही. "माळ राहू द्या, पण आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, रक्त तपासा," एवढेच तीनदा सांगितले. माळेवरून वाद घातला असता तर त्या घरी परतल्या असत्या. दुकानातला मुलगा रिक्षा घेऊन आला. त्या गेल्या.

अडीच. उन्हाची वेळ, गिऱ्हाईक नाही. डबा खाताना मी वाचते. सध्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या 'पेटंट औषधां'बद्दल वाचते आहे, आणि पानापानावर माझाच काउंटर दिसतो. पहिली गोष्ट म्हणजे त्यांतल्या बहुतेक औषधांचे पेटंट नव्हतेच. पेटंट घ्यायचे तर आत काय आहे ते उघड करावे लागते, आणि धंदा तर गुपितावर चालायचा. इंग्लंडमध्ये १७८३ पासून अशा औषधांवर स्टॅम्प ड्यूटी होती. बाटलीवर सरकारी तिकीट चिकटलेले असे. तो फक्त कर होता, पण लोकांना ते सरकारचे प्रशस्तिपत्र वाटे. आज माझ्याकडे येणाऱ्या डब्यांवर 'शासनमान्य' आणि 'आयएसओ प्रमाणित' असते, आणि त्यांकडेही लोक त्याच विश्वासाने बघतात.

थॉमस हॉलोवेने १८३७ मध्ये मलम आणि मग गोळ्या विकायला सुरुवात केली. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा जाहिरातींवरचा खर्च वर्षाला सुमारे ५०,००० पौंडांवर गेला होता. त्याची पत्रके आपल्याकडच्या भाषांतही निघत. कॉलिस ब्राउन नावाच्या लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानात असताना पटकीवर म्हणून क्लोरोडाइन बनवले. त्यात अफूचा अर्क, भांगेचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. दुखणे थांबे, यात नवल नाही, आणि बाटली सुटत नसे. पुढे आपल्या वृत्तपत्रांतही हेच आले. जामनगरच्या आतंकनिग्रह गोळ्यांच्या जाहिराती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला देशभर छापल्या जात.

मला सगळ्यात मोलाचे वाटते ते १९०९ सालचे 'सीक्रेट रेमेडीज' हे पुस्तक. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने बाजारातली गुप्त औषधे विकत आणून तपासली आणि आत काय निघाले ते किमतीसह छापले. बीचम्सच्या गोळ्यांची डबी एका गिनीच्या मोलाची आहे अशी तेव्हाची जाहिरात होती. डबीत कोरफडीचा बोळ, सुंठ आणि साबण निघाला. ५६ गोळ्यांना एक शिलिंग दीड पेनी, आणि आतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, म्हणजे विक्रीच्या शंभराव्या भागाहूनही कमी. त्यानंतर पार्लमेंटची समिती बसली. तिचा अहवाल ४ ऑगस्ट १९१४ ला, इंग्लंड महायुद्धात उतरले त्याच दिवशी आला आणि बाजूला पडला. आपल्याकडे औषध कायदा व्हायला १९४० उजाडले आणि जाहिरातींचा कायदा त्यानंतर चौदा वर्षांनी.

चार. पायावर पांढरे डाग असलेली कॉलेजची मुलगी, सोबत आई. तिच्या लग्नाचे बघत आहेत. 'कोड सात दिवसांत' असा मजकूर तिने फोनवर जपून ठेवला आहे. वाशीमच्या पद्मतीर्थात स्नान करून वासुकी राजाचे कुष्ठ गेले अशी आख्यायिका जुन्या गॅझेटियरांत आहे. अशा कथा मला आवडतात, त्यांत कोणी बाटली विकत नाही. मुलीला त्वचारोग तज्ज्ञाचा वार लिहून दिला आणि कोड स्पर्शाने पसरत नाही हे तिच्या आईला ऐकू जाईल असे सांगितले.

साडेपाच. आजचे सगळ्यात अवघड गिऱ्हाईक, एक म्हातारी आजी. चेहरा गोल फुगलेला, पाय सुजलेले, हातावर निळे चट्टे. गुडघ्यासाठी काही महिन्यांपासून वाताची पुडी खातात.

"पुडी लय गुणाची हाय बाई. मी निंदाले जात होती ना. खाल्ली नाही त दोन दिसांत अंग धरते."

हे ऐकले की माझ्या पोटात कालवते. अशा चूर्णांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात पुन्हापुन्हा सापडले आहेत. स्टेरॉइडने सूज झटकन उतरते, माणूस शेतात जातो, पुडीचे नाव होते. मग साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग बळावतो. या पुडीत तेच आहे असे तपासणीशिवाय मी म्हणू शकत नाही, पण लक्षणे तशीच दिसतात. आणि 'आजी, आजच बंद करा' असेही म्हणता येत नाही. शरीराने स्वतःचे संप्रेरक बनवणे थांबवलेले असेल तर पुडी अचानक तोडल्यावर रक्तदाब उतरून माणूस कोसळतो. डोस डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायचा असतो. मी चिठ्ठीवर संशय काय आहे ते स्वच्छ लिहिले, त्यांच्या नातवाला फोन केला, आणि उद्या सकाळी फिजिशियनकडे न्यायचे कबूल करून घेतले. दोन पुड्या आजींनी मला काढून दिल्या.

साडेसात. अंधार पडल्यावर तरुण मुले येतात, गिऱ्हाईक संपायची वाट बघत बाजूला उभी राहतात. मला विचारायला लाजतात, म्हणून हा तास आमचे हे काउंटरवर असतात. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर 'गुप्तरोग' लिहून मोबाइल नंबर रंगवलेला आहे. येणाऱ्या निम्म्या मुलांना कसलाच रोग नसतो, भीती असते. ती भीती त्या भिंतीनेच घातलेली असते.

रात्री नऊ. हिशेब, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या एच-वन औषधांची नोंदवही, शटर. मग अन्न व औषध प्रशासनाला अर्ज. गुलाबी पत्रकाची मूळ प्रत जोडली, भिंतीचा फोटो जोडला. पुड्यांवर ना उत्पादकाचे नाव, ना बॅच नंबर. माझ्याकडच्या दोन पुड्यांवर खटला उभा राहणार नाही, नमुना औषध निरीक्षकांनीच रीतसर घ्यावा लागतो. म्हणून आजींनी सांगितलेली जागा नीट लिहिली: बाजाराच्या उत्तर टोकाला, लिंबाखालचा निळा तंबू, सकाळी दहाला लागतो, दुपारी तीनच्या आधी उठतो. कृपया पुढच्या बाजाराला दहाच्या सुमारास यावे.