ध्वनिवर्धकाची नाडीपरीक्षा

डिचोली तालुक्यातील नार्वे हे गाव श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयामुळे सर्वपरिचित आहे. शिवछत्रपतींनी १६६८ साली या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. गावच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसले की पलीकडे दिवाडी बेट लागते. गोकुळाष्टमीला नार्व्यात भाविक नदीस्नानासाठी जमतात, तर ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडीवर बोंदेराचा उत्सव रंगतो. दोन्ही उत्सव ऐन पावसाळ्यातले. हवेत दमटपणा इतका की बंद कपाटातील कपड्यांनाही बुरशी धरावी. अशा दिवसांत एखाद्या बँडच्या गिटारचा आवाज वाजता वाजता चिरकू लागला किंवा त्यात घरघर मिसळली, तर नवल नाही.

गोमंतकातील चर्चच्या शाळांतून स्वरलिपीचे व व्हायोलिनचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले. येथील वादकाचा कान त्यामुळे तयार असतो. स्वर बिघडला हे त्याला तत्काळ कळते. परंतु तो यंत्रात नेमका कोठे बिघडला, हे सांगणे कानाच्या आवाक्याबाहेरचे आहे. मग अंदाजाने व्हॉल्व्ह बदलले जातात. ट्रान्झिस्टर आल्यावर व्हॉल्व्हचा वापर ओसरला. आज ते रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या देशांतच तयार होतात व स्वस्त नसतात. चार व्हॉल्व्ह बदलूनही घरघर कायम राहिली, म्हणजे वादकाचे पैसे गेले आणि उत्सवही गेला. या अंदाजपंचे कारभारावर उतारा म्हणजे ऑसिलोस्कोप, अर्थात दोलनदर्शक.

१८९७ साली जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी या यंत्राचा पाया घातला. निर्वात नळीतील इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर आदळून प्रकाशाचा ठिपका उमटवितो. एक दाब त्या ठिपक्याला डावीकडून उजवीकडे ठराविक वेगाने नेतो आणि तपासावयाचा विद्युत्‌दाब त्याला वर-खाली हलवितो. विद्युत्‌दाब क्षणोक्षणी कसा बदलतो याचा आलेख अशा रीतीने पडद्यावर उमटतो. आजच्या यंत्रांत नळीऐवजी सपाट पडदा असतो. आलेख वाचण्याची रीत मात्र तीच. दर चौकटीस अर्धा सहस्रांश सेकंद असे प्रमाण ठेवले, तर सेकंदाला हजार आंदोलने करणारा स्वर दोन चौकटींत एक पूर्ण तरंग काढतो.

कामास हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. व्हॉल्व्हच्या ध्वनिवर्धकात तीनशे ते साडेचारशे व्होल्टचा एकदिश दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरांत तो काही काळ साठून राहतो. हा दाब प्राण घेऊ शकतो. म्हणून कंडेन्सर योग्य रोधकातून रिकामे करावेत, ते रिकामे झाल्याची खात्री मीटरने करावी, आणि चालू यंत्रावर काम करताना एक हात दूर ठेवावा. दोलनदर्शकाची जमिनीची चिमटी ध्वनिवर्धकाच्या सांगाड्यालाच लावावी. ही चिमटी आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती दाब असलेल्या तारेला लावल्यास ठिणगी उडून यंत्र जळते. ते टाळण्यासाठी दोलनदर्शकाची अर्थिंगची पिन काढून टाकणारे कारागीर स्वतःचा जीव धोक्यात घालतात. दाबाचा दहावा हिस्साच पुढे पाठविणारा प्रोब वापरावा आणि त्यावर लिहिलेली मर्यादा वाचल्याखेरीज तो प्लेटला टेकवू नये.

यानंतर कर्णा काढून त्याच्या जागी तितक्याच ओहमचा जाड रोधक जोडतात. काही न जोडता असे यंत्र जोरात चालविल्यास त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर फुटण्याचा संभव असतो. मग गिटारऐवजी हजार आंदोलनांचा शुद्ध व मंद स्वर आत सोडावयाचा आणि त्याचा माग काढावयाचा: पहिल्या व्हॉल्व्हची ग्रिड, त्याची प्लेट, पुढचा कंडेन्सर, आवाजाचे बटन, आणि शेवटी मोठे आउटपुट व्हॉल्व्ह. गळक्या नळाचा शोध घेणारा जसा टाकीपासून तोटीपर्यंत सांधे पाहत जातो, तसेच हे. ज्या सांध्यापर्यंत तरंग शाबूत आहे आणि ज्याच्या पुढे तो मोडतो, त्या दोहोंच्या मध्ये दोष असतो.

तरंगाचा आकार दोषाची जात सांगतो. वरचा व खालचा माथा एकाच वेळी सपाट होत असेल, तर यंत्र केवळ आपल्या शक्तीच्या टोकाला पोहोचले आहे. एकच माथा लवकर सपाट होत असेल, तर जोडीतील एक आउटपुट व्हॉल्व्ह थकला असावा किंवा त्याला पुरेसा स्वर पोहोचत नसावा. तरंग शून्यरेषा ओलांडताना अडखळत असेल, तर बायस चुकलेला असून व्हॉल्व्हमधून फार कमी प्रवाह जात आहे. रेषा लोकरीसारखी जाड दिसली, तर कानाला ऐकू न येणारे अतिजलद कंपन आत चालू आहे. पुष्कळदा एखादी तार जागची हलल्याने ते होते.

पावसाळ्यातील नेहमीचा गुन्हेगार म्हणजे गळका कंडेन्सर. त्याने तरंग पुढे जाऊ द्यावा व एकदिश दाब अडवावा, ही अपेक्षा. तो गळू लागला की पुढच्या ग्रिडवर धन दाब चढतो, आउटपुट व्हॉल्व्हचा प्रवाह वाढतो आणि प्लेट तांबूस दिसू लागते. येथे व्हॉल्व्ह बदलणे म्हणजे रोग सोडून रोग्याचा सदरा बदलणे होय. नवा व्हॉल्व्हही त्याच वाटेने जातो.

घरघरीचा उलगडा तर फार सुबक रीतीने होतो. आपल्याकडील वीज सेकंदाला पन्नास आंदोलने करते. पडद्यावरील घरघरीचा एक तरंग वीस सहस्रांश सेकंद घेत असेल, तर ती हीटरच्या तारांतून, सदोष अर्थिंगमधून किंवा गिटारच्या तुटक्या वायरमधून आलेली असते. तो दहाच सहस्रांश सेकंद घेत असेल, तर आंदोलने शंभर झाली. म्हणजे वीज एकदिश करणाऱ्या भागातील कंडेन्सर सुकले आहेत. पहिल्या प्रकारात कित्येकदा एक वायर बदलूनच काम भागते.

दुरुस्तीनंतर यंत्राची शक्तीही मोजता येते. आठ ओहमच्या रोधकावर तरंगाचे शिखर शून्यरेषेपासून सोळा व्होल्ट उंच असले, तर सोळाचा वर्ग दोनशे छपन्न. त्याला रोधाच्या दुपटीने, सोळाने, भागले की सोळा वॅट. माथा सपाट होऊ लागण्याच्या आधीचा हा आकडा यंत्राची खरी ताकद सांगतो.

तथापि एक गोष्ट दोलनदर्शकाला समजत नाही. गिटारवादकाला व्हॉल्व्ह प्रिय असतो तो बऱ्याच अंशी त्याच्या मधुर विकृतीमुळे. पडद्यावर जो तरंग सदोष दिसतो तोच कदाचित वादकाला हवा असलेला स्वर असेल. म्हणून शहाणा कारागीर यंत्र तासभर चालवून पाहतो, मग रोधक काढून कर्णा जोडतो आणि गिटार वादकाच्या हाती देऊन स्वतः गप्प राहून ऐकतो.