याकचे स्थलांतर व कळपाची सोडवणूक

देवापुढे ढाळल्या जाणाऱ्या चवरीचे केस पुष्कळदा याकच्या शेपटीचे असतात. तो पशू मात्र मैदानातील माणसाने क्वचितच पाहिलेला असतो. त्याचे कारण याकच्या शरीररचनेत आहे. 1959 साली व त्यानंतरच्या काही वर्षांत तिबेटमधील हजारो कुटुंबे भारतात व नेपाळात आली, तेव्हा या शरीररचनेला एकाएकी फार मोठे महत्त्व प्राप्त झाले. या कुटुंबांत पशुपालकही होते आणि जमेल त्यांनी आपले कळप बरोबर आणले होते. सरहद्द ओलांडल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला, तो असा : कळपासह उंच डोंगरातच राहावे, की कळप दुसऱ्याच्या स्वाधीन करून खाली उतरावे?

निर्वासितांसाठी वसविलेल्या वसाहतींपैकी अनेक सखल प्रदेशात होत्या. तत्कालीन म्हैसूर राज्यातील बैलकुप्पे येथील वसाहत 1960 मध्ये सुरू झाली. ते स्थान समुद्रसपाटीपासून सुमारे 850 मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रात त्या वेळच्या भंडारा, म्हणजे आजच्या गोंदिया, जिल्ह्यात गोठणगावाजवळ 1972 मध्ये अशीच वसाहत झाली. तेथे मे महिन्यात पारा 40 अंशांवर जातो. ‘गोठण’ म्हणजे गुरे विसावण्याची जागा. परंतु याकला तेथे विसावा मिळणे शक्य नव्हते.

याक साधारणतः 3,000 मीटरपेक्षा अधिक उंचीवर राहतो. त्याची छाती रुंद असते. गाईला बरगड्यांच्या तेरा जोड्या असतात, तर याकला चौदा किंवा पंधरा. मैदानातील गाय फार उंचीवर नेली असता विरळ हवेमुळे तिच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदयावर ताण येतो आणि कालांतराने गळ्याखाली व छातीशी सूज येते. याकच्या रक्तवाहिन्या अशा फारशा आकुंचन पावत नाहीत. यावरून याकला उंचीच हवी असते, असा समज होतो. परंतु तो बरोबर नाही. थंड देशांतील प्राणिसंग्रहालयांत व कुरणांवर तो समुद्रसपाटीजवळही चांगला राहतो. त्याला खरी गरज आहे ती थंडीची.

दाट लोकरीच्या थरावर लांब केसांचे आवरण, जाड कातडी आणि कातडीखाली चरबी, असा त्याचा हिवाळी पोशाख असतो. घाम मात्र त्याला जवळजवळ केवळ नाकपुडीभोवतीच येतो. त्यामुळे शरीरात साठलेली उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग त्याला श्वासोच्छ्वासाखेरीज फारसा उरत नाही. हवेचे सरासरी तापमान 13 अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याचा श्वास जलद होऊ लागतो. 16 अंशांच्या वर नाडीचे ठोके व शरीराचे तापमान वाढते. 20 अंशांच्या सुमारास तो चरणे व रवंथ करणे सोडून सावलीत किंवा पाण्याजवळ निश्चल उभा राहतो. कोठीपोटात चारा आंबताना उष्णता निर्माण होते, म्हणून न खाणे हाच त्याचा बचाव ठरतो. असा बचाव एखाद्या दुपारपुरता ठीक आहे. संपूर्ण उन्हाळाभर तो चालला, तर जनावर खंगते, दूध आटते आणि मादी माजावर येत नाही. हळूहळू सवय होईल ही आशा येथे व्यर्थ आहे.

रोगांचे संकट निराळेच. विरळ वस्तीच्या पठारावरून आलेल्या कळपाला सखल प्रदेशातील अनेक रोगांशी पूर्वी गाठ पडलेली नसते. त्या काळी भारतात बुळकांडीचा वावर होता आणि याक तिला सहज बळी पडत असे. 2011 मध्ये या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. लाळ-खुरकूत मात्र अद्याप आहे.

म्हणून निर्णय खाली उतरण्यापूर्वीच घ्यावा लागे आणि त्यास ऋतूचे बंधन असे. हिवाळ्यात चाऱ्याअभावी याकचे वजन सुमारे चौथाईने घटते. शरद ऋतूतील धष्टपुष्ट जनावरास किंमत येते. वसंतारंभीच्या अस्थिपंजरास कोण विचारणार? निर्वासितांना ऋतू निवडण्याची सवड नव्हती. शिवाय पुष्कळ जण एकाच वेळी विकू लागले की भाव कोसळणे क्रमप्राप्तच होते. विक्रीस विलंब लावावा, तर परक्या कुरणात आधीच स्थानिकांची जनावरे चरत असत आणि वाढीव कळपांना चारा पुरत नसे. लडाखच्या चांगथांग भागात 4,000 मीटरहून उंच राहणे पत्करलेल्या काही कुटुंबांनी कळप राखले. इतरांनी ते सोडले, आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने तेच योग्य होते.

मधला मार्ग म्हणजे याक व गाय यांचा संकर. त्यातील नरास झो व मादीस झोमो म्हणतात. ही जनावरे याकपेक्षा कमी उंचीवर टिकतात. झोमो दूधही अधिक देते. परंतु झो वंध्य असतो आणि गोठणगावच्या उन्हाळ्यास संकरही उपयोगी नाही.

कळप देताना जाणता पशुपालक घेणाऱ्याची पैशाची थैली पाहण्याआधी त्याचे हिवाळी कुरण व वाळल्या गवताचा साठा पाहतो. नवी जनावरे त्याच्या कळपात मिसळण्यापूर्वी काही दिवस वेगळी बांधणे दोघांच्याही हिताचे असते. मादी याक, जिला तिबेटी भाषेत ड्री म्हणतात, वासरू जवळ असल्याशिवाय सहसा पान्हा सोडत नाही. म्हणून ड्री व तिचे वासरू एकाच घरी दिले जाते, भाव थोडा कमी आला तरी.