नावाचा दिवा

गिरगावच्या आमच्या बिऱ्हाडात आई अजून पंचांग उघडून तिथी पाहते. भाद्रपद वद्य चतुर्दशी आली की ती म्हणते, "आज शस्त्रानं गेलेल्यांचा दिवस." पितृपक्षातली ही तिथी घाताने मरण आलेल्यांसाठी राखलेली आहे. अशा माणसांनाही कुणीतरी आठवले पाहिजे, एवढी माया आपल्या पूर्वजांनी दाखवली खरी. पण श्राद्ध घालायचे तर नाव हवे, गोत्र हवे आणि घालणारे घर हवे. ज्याला घरानेच टाकले त्याचे काय? हा प्रश्न, वाचकहो, मला चाळिशी उलटेपर्यंत पडला नव्हता. तो गेल्या वर्षी परळच्या एका खोलीत पडला.

त्याचे असे झाले, की माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. वर्गात होती तेव्हा तिला सारे मुलगाच समजत. एकदा मी नपुंसकलिंग शिकवीत असता पोरांनी तिच्याकडे पाहून हसायला सुरुवात केली. आणि सांगायला लाज वाटते, मीही हसलो होतो. तिने ती आठवण काढली नाही. एवढेच म्हणाली, "सर, वीस नोव्हेंबरला आम्ही आमच्यातल्या मारल्या गेलेल्यांची आठवण करतो. नावं वाचायला याल का? तुमचा आवाज चांगला आहे."

हा दिवस मूळचा आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत बॉस्टन शहरात २८ नोव्हेंबर १९९८ रोजी रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय बाईवर तिच्याच घरात वार झाले आणि त्यात ती गेली. जन्मतः तिला मुलगा म्हणून वाढवले होते, म्हणून तिथल्या वृत्तपत्रांनी तिला 'तो' करून टाकले, टाकून दिलेले नाव छापले. मेल्यावरही तिला तिचे नाव मिळेना! तिच्या सोबत्यांनी निषेध केला. ग्वेंडोलिन स्मिथ या बाईने अशा मृतांची नोंद ठेवायला घेतली, आणि १९९९ पासून मेणबत्त्या लावून नावे वाचण्याची रीत पडली. पुढे त्यासाठी २० नोव्हेंबर हा दिवस ठरला.

मी गेलो. खाली सतरंजी, पंधरा-वीस माणसे, दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या. यादी कात्रणांवरून उतरवलेली होती. मी नेहमीच्या सवयीने स्पष्ट उच्चारांत वाचू लागलो. तिसऱ्या नावाला एका वयस्क गुरूने हात वर केला.

"थांबा, मास्तर. हे नाव पंचनाम्यातलं. या नावानं हाक मारली असती तर तिनं ओ दिली नसती."

मग तिने खरे नाव सांगितले. मी ते खोडून लिहिले आणि पुन्हा वाचले. कोपऱ्यात त्या गेलेलीची चेला बसली होती. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेली ती पोर तेव्हा रडली.

घरी येताना एक जुनी हकीकत आठवली. १८५२ साली उत्तर हिंदुस्थानात मैनपुरी जिल्ह्यात भूरा नावाच्या हिजड्याचा निर्घृण खून झाला. पूर्वीच्या प्रियकराने तो केला असे इंग्रज न्यायाधीशांचे मत पडले. पण खटल्याच्या ओघात त्यांनी भूराच्या साऱ्या समाजालाच अनीतिमान ठरवले, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्या प्रांतांत हिजड्यांची नोंदणी सुरू होऊन त्यांच्या बायकी पेहरावावरही बंदी आली. मेली कोण, आणि शिक्षा कुणाला!

आता इंग्रज गेले. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपले लिंग कोणते हे सांगण्याचा हक्क ज्याचा त्याला दिला. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही आपले म्हणणे मांडले होते. पण २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथीयांवरील लैंगिक अत्याचारालादेखील सहा महिने ते दोन वर्षे एवढीच सजा लिहिली गेली. स्त्रीवरील बलात्काराला त्या वेळी किमान दहा वर्षे होती. जिवंतपणी ज्याची अब्रू इतकी स्वस्त, त्याच्या मरणाची किंमत कोण करणार?

मी भाषेचा मास्तर. आपल्या मराठीत 'ते' हा शब्द दोन कामे करतो. वासराला आपण 'ते' म्हणतो आणि वडीलधाऱ्यांनाही 'ते' म्हणतो. या माणसांविषयी बोलताना आपण नेमका पहिला 'ते' उचलतो. त्या खोलीत मात्र दोन्ही नको होते. तिथे साधा 'ती' हवा होता, आणि तोच मी वर्गात दिला नव्हता. जिन्यात मी त्या विद्यार्थिनीला तसे म्हणालो. ती म्हणाली, "आज दिलात ना, सर."

आईला सारे सांगितले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, "नावं आणून ठेव. चतुर्दशीला पान वाढू."

"आणि गोत्र?"

"ठाऊक नसलं की काश्यप म्हणतात."

"त्यात मुसलमान नावंही आहेत, आई."

"मग दिवा लावू. तो सगळ्यांना चालतो."

यंदा चतुर्दशीला आमच्या खिडकीत दिवा लागला. शेजारच्या काकूंनी विचारले, "कुणासाठी हो?" आईने माझ्याकडे पाहिले. मी यादी काढली आणि काकूंना एकेक नाव वाचून दाखवले. त्या पदर सावरून शेवटच्या नावापर्यंत दारात उभ्या होत्या.