टीव्ही घ्या, पण आधी टेप घ्या

‘टीव्हीपासून लांब बस!’ हा दरडावणीचा सूर ऐकतच आपल्याकडची एक पिढी वाढली. त्यात डोळ्यांची काळजी होती, तसे तंत्रही होते. दूरदर्शनचे चित्र ५७६ आडव्या रेषांचे. वीस इंची पडद्यावर त्या एकमेकींत मिसळायला सहा फुटांचे अंतर लागे.

आज रेषांच्या जागी ठिपके आले. फुल एचडीत आडवे १९२०, उभे १०८०. फोर-केमध्ये दोन्हीकडे दुप्पट. पण निरोगी डोळ्यालाही साधारण अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक काही वेगळे दिसत नाही. त्या हिशेबाने त्रेचाळीस इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपकेसुद्धा साडेपाच फुटांपलीकडे दिसेनासे होतात. मग आठ फुटांवरच्या सोफ्यावरून फोर-केचा बारकावा दिसणार कोणाला?

बँकेत कर्जाचे अर्ज तपासताना आम्ही आधी ऐपत पाहत असू, मग रक्कम. इथे ऐपत म्हणजे अंतर. सोफ्यापासून पडद्यापर्यंतचे इंच मोजा, त्यांना १.६ ने भागा. चित्रपटगृहाचा थोडाफार आनंद देणारा पडदा कळेल. आठ फुटांना साठ इंच, अर्थात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. बातम्या-मालिकांना त्रेचाळीसही पुष्कळ.

आमच्या आईची नजर आता मंदावली आहे. घराबाहेरचे जग तिला टीव्हीतूनच भेटते, आणि बातम्यांची खालची पट्टी वाचता येईना, तेव्हा ती गप्प गप्प राहू लागली. अधिक ठिपक्यांनी तिचे काम होणार नव्हते. अक्षर मोठे दिसायला हवे होते. तिची खुर्ची तीन फूट पुढे सरकवली. आता पट्टी तीच आम्हाला वाचून दाखवते. या खरेदीला हप्ता पडला नाही.