थंडी वाजली, घाम आला… आणि अंगावर गांधी उठल्या!

दोस्तांनो, पहिल्या पावसात मनसोक्त भिजून घरी आल्यावर हातापायांवर लालसर, फुगीर चट्टे उठलेले कधी पाहिले आहेत? खाज तर अशी सुटते की विचारू नका! आजी लगेच म्हणते, "अगं बाई, पित्त उठलं! आमसुलाचं पाणी लावा अंगाला." या चट्ट्यांनाच आपण गांधी म्हणतो. डॉक्टर त्याला 'अर्टिकेरिया' म्हणतात.

नावात पित्त असलं, तरी पोटातलं आम्लपित्त वेगळं आणि हे वेगळं. आपल्या कातडीत रक्तवाहिन्यांच्या आजूबाजूला 'मास्ट पेशी' असतात. पाउल एर्लिश या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली त्यांचं वर्णन करून हे नाव दिलं. या पेशी म्हणजे कातडीतले पहारेकरीच! धोका वाटला की त्या 'हिस्टॅमिन' नावाचं रसायन सोडतात. त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतला द्रव बाहेर झिरपतो, कातडी फुगते आणि खाजते. काही तासांत, फार तर दिवसभरात चट्टा विरतो. पण तोवर दुसरीकडे नवा उठतो. असं सहा आठवड्यांहून अधिक काळ चालत राहिलं, तर दुखणं जुनाट झालं असं समजतात.

आता ऋतूंचा यात काय संबंध? काहींचे पहारेकरी थंडीलाच शत्रू समजतात! हिवाळ्यात गार पाण्याने आंघोळ केली, सायकलवर गार वारा लागला, की गांधी हजर. पावसाळ्यात तेवढी थंडी नसते, मग तेव्हा का उठतात? घरातला माठ आठवा. माठातून झिरपलेलं पाणी वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. ओल्या अंगाला वारा लागला की नेमकं तसंच होतं आणि कातडी एकदम गार पडते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ज्यांना थंडीने गांधी उठतात, त्यांनी विहिरीत, तलावात किंवा धबधब्याखाली एकदम उडी घेऊ नये. सगळं अंग एकाच वेळी गार झालं, तर भरमसाट हिस्टॅमिन सुटून रक्तदाब उतरू शकतो, पाण्यातच चक्कर येऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोहायला जाऊच नका, आणि एकट्याने तर कधीच नाही!

काहींचं याच्या उलट. मे महिन्यात क्रिकेट खेळून घामाघूम झाले, की मोहरीएवढे बारीक फोड उठतात. घरचे घामोळं समजून पावडर लावतात. पण घामोळं काही दिवस राहतं, हे फोड बहुधा तासाभरात नाहीसे होतात. परीक्षेच्या भीतीने अंग तापलं तरी ते उठू शकतात बरं का! क्वचित कुणाला नुसत्या उन्हानेही गांधी उठतात.

पण सगळा दोष हवेच्या माथी मारू नका. जुनाट दुखण्यात बऱ्याचदा बाहेरचं कारण सापडतच नाही. शरीराची संरक्षणव्यवस्थाच चुकून आपल्या मास्ट पेशींना डिवचत राहते. उकाडा, घट्ट कपडे, ताण यांनी ते फक्त वाढतं. म्हणून आईबाबांनो, मुलाचं अंडं, दूध, शेंगदाणे असं एकेक मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना विचारा.

मग तुम्ही काय करायचं? एक वही घाला. तारीख, वेळ, हवा कशी होती, काय करत होता, काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं, चट्टे किती वेळ राहिले, सगळं लिहा. एका चट्ट्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि तो कधी विरतो ते पाहा. तोच चट्टा दिवसाहून जास्त टिकला किंवा काळानिळा डाग राहिला, तर डॉक्टरांना जरूर सांगा. महिन्या-दोन महिन्यांची ही वही त्यांच्या फार उपयोगी पडते. थंडीचा संशय आला, तर ते हातावर थोडा वेळ बर्फ ठेवून तपासतात. हा प्रयोग घरी मात्र करू नका! हिस्टॅमिनला रोखणारी चांगली औषधं आज मिळतात. बहुतेकांचा त्रास काही महिन्यांत किंवा वर्षांत ओसरतो.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, चक्कर आली, तर मात्र आमसुलात वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठायचा.

आणि हो, गांधी संसर्गजन्य नाहीत. शिवल्याने, एका बाकावर बसल्याने, डबा वाटून खाल्ल्याने त्या कुणाला होत नाहीत. तेव्हा वर्गातला एखादा मित्र खाजवत बसला असेल, तर त्याच्यापासून लांब सरकू नका. उलट जवळ जाऊन विचारा, "काय रे, आज थंडी की घाम?" आणि त्याला वहीची युक्ती सांगा!