कुत्रा नातवाचा, जबाबदारी आजी-आजोबांची

पुणे–नाशिक महामार्गाने मोशी ओलांडून चाकणकडे निघाले की वाटेत खेड तालुक्यातील कुरुळी हे गाव लागते. चाकणची औद्योगिक वसाहत वाढत गेली, तसे या पट्ट्यातील घरांचे दिनमान बदलले. कर्ती माणसे पाळीप्रमाणे कारखान्यात जातात, नातवंडे शाळेत जातात आणि दिवसभर घरी राहतात ती आजी-आजोबा. पूर्वी शिवारात राखणीला असणारा कुत्रा आता अंगणात, काही घरांत तर थेट बैठकीच्या खोलीत आला आहे. तो येतो बहुधा नातवाच्या हट्टाने; त्याचे खाणे, फिरणे, साफसफाई हे सारे मात्र ज्येष्ठांच्या वाट्याला येते. म्हणून कुत्रा पाळण्याचा प्रश्न हा ज्येष्ठांच्या प्रकृतीचाही प्रश्न आहे, हे कुटुंबाने आरंभीच ध्यानात घ्यावे.

सोबतीचे मोल

कुत्र्याशी आपले नाते जुने आहे. खंडोबाच्या चित्रांत तो दिसतो, दत्तगुरूंच्या पायाशी तो बसलेला असतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा तर घरोघरी सांगितली जाते. आधुनिक वैद्यकानेही या सोबतीची दखल घेतली आहे. अमेरिकेतील हृदयविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन हार्ट असोसिएशनने, २०१३ साली काढलेल्या निवेदनात कुत्रा पाळणे आणि हृदयविकाराचा धोका कमी असणे यांत संबंध असू शकतो, असे नमूद केले. कुत्र्यामुळे रोजचे चालणे घडते, दिवसाला वेळापत्रक लाभते आणि रिकाम्या घरात कोणाशी तरी बोलणे होते. निवृत्तीनंतरच्या एकाकीपणात हे थोडे नव्हे.

साखळी कोणाच्या हाती?

तथापि, याच चालण्यात मोठा धोका दडलेला आहे. कुत्र्याला साखळीने फिरवताना हाड मोडून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या ६५ वर्षे व त्यावरील रुग्णांचा अभ्यास अमेरिकेत झाला. अशा रुग्णांची अंदाजित संख्या २००४ साली १,६७१ होती. २०१७ साली ती ४,३९६ झाली. त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक वेळा मोडले ते खुब्याचे हाड. उतारवयात खुबा मोडणे म्हणजे काय, हे ज्या घराने अनुभवले आहे त्याला सांगावयास नको.

म्हणून साखळी मनगटाला गुंडाळू नये. ती तळहातात धरावी, म्हणजे प्रसंगी चटकन सोडता येते. हातात काठी असेल तर साखळी दुसऱ्या हातात घ्यावी. ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांची हाडे ठिसूळ आहेत, त्यांनी दांडगा कुत्रा एकट्याने बाहेर नेऊच नये. ते काम घरातील तरुणाकडे असावे. गळ्यातील पट्ट्याऐवजी छातीभोवती बांधावयाचा पट्टा वापरल्यास कुत्र्याच्या गळ्यावर ताण येत नाही आणि आवरणेही सोपे जाते. महामार्गालगत ट्रक व कंटेनर यांच्या कर्कश भोंग्याने कुत्रा एकाएकी उसळी घेतो, तेव्हा फिरण्यासाठी शिवारातील पाणंद किंवा वस्तीतील शांत रस्ता निवडावा.

घरातही सावधगिरी हवी. रात्री उठताना पायाशी झोपलेल्या कुत्र्याला अडखळून पडण्याची भीती असते. त्याची झोपण्याची जागा पलंगापासून दूर ठरवावी, पट्ट्याला लहान घुंगरू बांधावे आणि न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवर मंद दिवा ठेवावा.

एक शब्द, एक अर्थ

कुत्र्याला शिकवणे म्हणजे करामती करून घेणे नव्हे. 'बस', 'थांब', 'ये' आणि 'सोड' या चार आज्ञा पाळणारा कुत्रा ज्येष्ठांच्या घरात पुरेसा सुरक्षित असतो. अडचण येते ती माणसांकडून. आजी 'खाली बैस' म्हणतात, मुलगा 'बस' म्हणतो आणि नातू 'सिट' म्हणतो. बिचाऱ्या प्राण्याने समजावे काय? सर्वांनी मिळून शब्द ठरवावा आणि तोच वापरावा. दिवसातून दोन-तीनदा पाच-पाच मिनिटांचा सराव पुरतो. ऐकले की त्याच क्षणी भाकरीचा लहान तुकडा द्यावा, शाबासकी द्यावी. मारल्याने कुत्रा शिकत नाही. तो भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. अंगावर उडी मारण्याची सवय पिल्लू लहान असतानाच मोडावी. तेव्हा जे गोड वाटते, तेच पुढे तीस किलोंचा कुत्रा करू लागला की आजोबा जमिनीवर आलेच.

या पट्ट्यात अनेक घरांच्या आवारात भाडेकरूंच्या खोल्या आहेत. तेथे माणसांची ये-जा सतत असते, लहान मुले खेळतात. अशा ठिकाणी कुत्र्याला दिवसभर साखळीने बांधून ठेवल्यास तो अधिकच चिडखोर होतो. त्याला ठराविक वेळी मोकळे फिरता येईल असे कुंपण असावे आणि नव्या माणसाची ओळख मालकाच्या उपस्थितीत करून द्यावी.

औषधांचा डबा आणि ताट

ज्येष्ठांच्या घरी औषधांचा डबा हाताशी असतो. तो बहुधा कुत्र्याच्या तोंडाशीही असतो. आपण सहज घेतो त्या पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या कुत्र्याला घातक ठरू शकतात. डबा उंचावर ठेवावा आणि खाली पडलेली गोळी लगेच शोधावी. कुत्र्याच्या अंगाचे तापमान मुळातच आपल्यापेक्षा अधिक, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. अंग गरम लागले म्हणून आपली गोळी त्याला देणे जिवावर बेतेल. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे व चॉकलेटही त्याला वर्ज्य होत. म्हणून उसळ किंवा बेदाणे घातलेला शिरा प्रेमाने पुढे सरकवू नये.

चावा, ओरखडा आणि रेबीज

१८८५ साली ६ जुलै रोजी लुई पाश्चर यांची रेबीजवरील लस जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला देण्यात आली आणि तो वाचला. आजही या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी, पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमित द्याव्यात आणि लसीकरणाचे कार्ड जपून ठेवावे. जंताचे औषध व गोचिडांचा बंदोबस्त हेही त्यासोबत आलेच.

कोणताही कुत्रा चावला, अगदी घरचा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट असे काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; सरकारी रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. जखम खोल असेल तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मधुमेहींनी साधा ओरखडाही दुर्लक्षू नये. पहिल्यांत रक्त लवकर थांबत नाही, दुसऱ्यांत जखम लवकर भरत नाही.

ऊन आणि प्रवास

कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही; तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. चैत्र-वैशाखात तापलेल्या डांबराने त्याचे तळवे भाजतात. सूर्योदयाच्या सुमारास किंवा सूर्यास्तानंतर रस्ता निवल्यावर फिरणे दोघांनाही मानवते.

मोटारीने जाताना त्याला मागील आसनावर पट्ट्याने बांधावे. निघण्याच्या तीन-चार तास आधी खाणे थांबवावे, पाणी सोबत ठेवावे. चाकणच्या चौकातील वाहतूककोंडी लक्षात घेऊन पहाटे निघावे. 'पाच मिनिटांत येतो' म्हणून बंद गाडीत त्याला कधीही सोडू नये. रेल्वेने न्यावयाचे असल्यास फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमधील दोन वा चार शायिकांचा पूर्ण कक्ष आपल्या नावे असावा लागतो. अन्यथा त्याला गार्डच्या डब्यातील पेटीतून पाठवावे लागते. टू टियर, थ्री टियर, स्लीपर व चेअर कारमध्ये परवानगी नाही. नोंदणी पार्सल कार्यालयात होते, तेव्हा लसीकरणाचे कार्ड घेऊन वेळेआधी पोहोचावे.

आपल्यामागे कोण?

कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षे जगतो. सत्तरीतील माणसाने पिल्लू आणले तर त्याच्या म्हातारपणी आपण ऐंशी पार केलेली असते. ज्येष्ठात आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर वारीला निघालो, शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात राहिलो, किंवा कायमचेच अंथरुणाला खिळलो, तर त्याचे काय, हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलला जावा. जबाबदारी घेणाऱ्याचे नाव, पशुवैद्याचा क्रमांक, खाण्याच्या वेळा आणि आज्ञांचे शब्द एका कागदावर लिहून लसीकरणाच्या कार्डासोबत ठेवावेत. मुलांनीही, 'आईबाबांना सोबत होईल' असे म्हणून पिल्लू आणून देण्यापूर्वी, सकाळचे फिरवणे आपण करणार का, एवढे स्वतःला विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर पिल्लाऐवजी शांत स्वभावाचा, शिकवलेला, मध्यम वयाचा कुत्रा घरी आणणे अधिक शहाणपणाचे.