दुर्बिणीसाठी काँक्रीटचा खांब

दुर्बीण ग्रहाला 150 पट मोठे दाखवते, तशी थरथरही 150 पट मोठी दाखवते. इंदूरला घरामागे मी तिपाईवर दुर्बीण लावत असे. फरशीवर कोणी पाऊल टाकले की शनी उड्या मारू लागे. म्हणून यंदा उन्हाळी सुट्टीत मी एकट्याने काँक्रीटचा खांब ओतायचे ठरवले.

पहिला प्रश्न जमिनीचा. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. वरवरचा पाया घेतला तर खांब दरवर्षी थोडा कलेल. मी 60 सेंटीमीटर लांब-रुंद खड्डा खणत गेलो. 75 सेंटीमीटरवर मुरूम लागला, तेव्हाच थांबलो.

दुसरा प्रश्न जाडीचा. व्यास दुप्पट केला तर खांब वाकायला 16 पट अधिक जोर लागतो. उंची वाढवली तर मात्र तो लवकर वाकतो. म्हणून खांब 30 सेंटीमीटर जाड आणि जमिनीवर फक्त 1 मीटर उंच ठेवला. भोवतीच्या फरशीत दोन बोटे फट सोडली, म्हणजे पावलांचा धक्का खांबापर्यंत जात नाही.

माल 1 भाग सिमेंट, दीड भाग वाळू, 3 भाग खडी असा घेतला. एका पोत्याला पाणी सुमारे 25 लिटर. जास्त पाण्याने माल कालवायला सोपा जातो, पण काँक्रीट कमजोर होते. पहिल्या दिवशी सळया उभ्या करून पाया भरला आणि दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या साच्यात खांब ओतला.

इथे माझी चूक झाली. हात दुखत होते, म्हणून सळईने माल नीट ठोसला नाही. साचा उघडला तेव्हा खाली पोकळ्या होत्या आणि सळई उघडी दिसत होती. शेजारचे मिस्त्रीकाका म्हणाले, "गिलावा मार, कोणाला कळणार नाही." खरे होते, पण दुर्बिणीला कळले असते. दोन दिवस छिन्नी-हातोडा घेऊन मी खांब पायापर्यंत फोडला आणि पुन्हा ओतला. या वेळी प्रत्येक घमेल्यानंतर माल ठोसला.

वरचे बोल्ट उत्तरेच्या रेषेत हवेत. सळईजवळ होकायंत्र चुकते. दुपारच्या सावलीने उत्तर काढता येते, पण मे महिन्यात इंदूरला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली उरतच नाही. म्हणून आदल्या रात्री ओळंबा टांगून ध्रुवताऱ्याच्या दिशेने जमिनीवर रेघ आखून ठेवली होती. प्लायवूडच्या फळीत बोल्ट बसवून ती त्या रेघेवर लावली आणि माल ओला असतानाच बोल्ट आत दाबले.

काँक्रीट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होते. निदान दहा दिवस ते ओले ठेवावे. 28 दिवसांनी त्याची ताकद मोजतात. पण खांब फोडण्यात दिवस गेले होते आणि चार दिवसांत मला शाळेत परतायचे होते. मग आजीने खांबाला गोणपाट गुंडाळून रोज दोन्ही वेळा पाणी घातले. रविवारी फोनवर ती आधी खांबाचा अहवाल देई, मग माझी चौकशी करी.

दिवाळीत दुर्बीण चढवली. आजी शेजारी येऊन उभी राहिली. शनी हलला नाही. खांब एकट्याने करायचा ठरवला होता. तो दोघांचा झाला.